गाडीचा रंग जपायचा कसा? सोलापूरच्या ऊन-धुळीत नवख्यांसाठी घरगुती मार्गदर्शन

सोलापुरात गाडीचा पत्रा सहसा गंजत नाही. समुद्र लांब, पाऊस बेताचा, हवा कोरडी. इथे जातं ते वरचं तेज. तीन-चार उन्हाळे पाहिलेली काळी किंवा गडद निळी गाडी सात रस्त्याला सिग्नलवर उभी राहते, ऊन तिरपं पडतं आणि बॉनेटवर गोल गोल बारीक रेघांचं जाळं उठून दिसतं. मालक म्हणतात, आपल्याकडचं ऊनच असं. ऊन कडक आहेच, पण ते जाळं पडतं रोज सकाळी धुळीवरून फिरवलेल्या फडक्याने.

त्यामुळे पॉलिशची बाटली आणण्याआधी धुणं आणि पुसणं शिकून घ्या, असं माझं ठाम मत आहे. पॉलिश वर्षातून एखाद्या वेळी लागतं, कधी तेही लागत नाही. फडकं मात्र रोज फिरतं.

रंग म्हणजे नेमकं काय असतं

आजच्या बहुतेक गाड्यांवर चार थर असतात. पत्र्याला लागून गंजरोधक थर, त्यावर प्राइमर, मग प्रत्यक्ष रंग म्हणजे बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. आपले पेंटर त्याला लॅकर म्हणतात. कंपनीतून आलेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण 100 ते 130 मायक्रॉन भरतं आणि त्यातला क्लिअर कोट अवघा 35 ते 50 मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

चमक या वरच्या थराची असते. उन्हातली अतिनील किरणं अडवणारी द्रव्यंही त्याच थरात असतात. पॉलिश करणं म्हणजे तो थर किंचित खरवडून पुन्हा सपाट करणं. हलक्या पॉलिशला एखादा मायक्रॉन जातो, जोरदार रबिंगला, म्हणजे जाड कणांच्या कंपाऊंडने घासण्याला, त्याहून बराच जास्त. गेलेला थर परत येत नाही. दर सर्व्हिसिंगला कुणी "रबिंग मारून देतो, गाडी नव्यासारखी होईल" म्हणालं, तर हा हिशेब डोक्यात ठेवा. वारंवार रबिंग झालेल्या गाड्यांच्या टपावर आणि बॉनेटवर पुढे पांढुरके पोपडे सुटतात. ते सुटले की पॉलिश, वॅक्स, काहीही लावून उपयोग नसतो. ते पॅनेल पुन्हा रंगवावंच लागतं.

जुन्या गाडीला क्लिअर कोट आहे की नाही, हे ओळखणं सोपं आहे. कोपऱ्यात पांढऱ्या कापडाने थोडं पॉलिश घासा. कापडाला गाडीचा रंग लागला तर वर लॅकर नाही, थेट रंगच घासला जातोय. अशा गाडीवर हात आणखी हलका ठेवा.

आधी बघा, मग हात लावा

संध्याकाळी सावलीत, धुतलेल्या आणि कोरड्या गाडीवर मोबाइलची बॅटरी तिरपी धरा. गोल रेघा दिसल्या तर ते फडक्याचे ओरखडे. पांढरी कडी असलेले ठिपके दिसले तर ते पाण्यातल्या क्षारांचे. एखादा सुटा, लांब ओरखडा दिसला तर त्यावरून हलकेच नख फिरवा. नख अडकलं तर ओरखडा खोल गेला आहे. तो घरच्या पॉलिशने निघणार नाही, काढायचा प्रयत्नही करू नका.

दुसरी तपासणी बोटांची. भाजीची पातळ पिशवी हातावर चढवा आणि पॅनेलवरून हलकेच हात फिरवा. उघड्या हाताला गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतून रव्यासारखा खरबरीत लागतो. धुऊनही न निघणारे कण रंगात रुतलेले असतात, त्यांची ती खूण. सोलापूर हे रेल्वेच्या विभागाचं ठिकाण. स्टेशनच्या आसपास किंवा रुळांलगत रोज गाडी लावणाऱ्यांना हा खरबरीतपणा जास्त जाणवेल, कारण चाकं आणि ब्रेक घासून उडालेले लोखंडाचे बारीक कण तिथल्या हवेत असतात.

धुणं: इथे घाई करू नका

आपल्या भागातली धूळ काळ्या पाषाणाची आणि त्यापासून झालेल्या काळ्या मातीची. तिच्यातले खनिज कण क्लिअर कोटपेक्षा कठीण असतात. संक्रांतीच्या गड्डा यात्रेत होम मैदानाजवळ तासभर गाडी उभी करा, बॉनेटवर बोटाने नाव लिहिता येईल इतका फुफाटा बसतो. पोरं खरोखर लिहितातही, आणि गाडी धुतल्यावरही ते नाव उन्हात दिसत राहतं. एका बोटाने एवढं होतं, तर कोरड्या फडक्याने काय होत असेल!

अपार्टमेंटमध्ये सकाळी एकच बादली आणि एकच फडकं घेऊन पाच-सहा गाड्या पुसल्या जातात. तिसऱ्या गाडीपर्यंत त्या बादलीतलं पाणी म्हणजे पातळ चिखल. पुसणाऱ्याचा दोष नाही, त्याला साधनं तशीच मिळतात. त्याला सांगा, "मामा, काचा आणि आतलं रोज पुसा, पत्र्याला हात लावू नका." पैसे तेवढेच द्या. रंगासाठी इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

धुण्याची वेळ सकाळी ऊन चढायच्या आधी, नाहीतर सूर्य मावळल्यावर. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे गेला की उन्हातली काळी गाडी 70 अंशांच्या आसपास तापते. अशा पत्र्यावर शाम्पू ओतलात तर धुण्याआधीच तो वाळून डाग धरतो. हाताचा पंजा बॉनेटवर आरामात टेकवता आला, तरच सुरुवात करा.

आता पाणी. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे पाइप लावून अर्धा तास गाडी धुणं या शहरात कुणी करूही नये. बोअरचं पाणी मुबलक असलं तरी जड असतं. बादलीच्या कडेला आणि नळाच्या तोंडाला जो पांढरा थर बसतो, तोच गाडीवरही बसतो. म्हणून मी सांगेन ती पद्धत अशी: फवारणी पंप वापरा. डाळिंबाच्या बागेत पाठीवर घेऊन फिरतात तो 16 लिटरचा, किंवा घरासाठी हाताने दाब भरायचा 2 लिटरचा. पंप नवाच हवा. औषध किंवा तणनाशक मारलेला पंप कितीही धुतला तरी गाडीसाठी वापरू नका. या पंपाने टपापासून खालपर्यंत फवारून धूळ भिजवा आणि वाहू द्या. हाताचा स्पर्श नको, फक्त पाणी. दोन मिनिटं थांबून पुन्हा एकदा फवारा. ओरखडे टाळण्याचं खरं काम इथेच होतं.

मग दोन बादल्या. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. शाम्पू गाडीसाठीचाच घ्या. कपड्याची पावडर आणि भांड्याचं लिक्विड तेलकटपणा ओढून काढण्यासाठी केलेलं असतं. त्याने आधी लावलेलं वॅक्सही निघून जातं. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, मोजा साध्या पाण्यात खळखळून पिळायचा, मगच पुन्हा शाम्पूत. घाण साध्या पाण्याच्या बादलीतच राहिली पाहिजे. वरून खाली या: टप, काचा, बॉनेट, डिकी, दारांचा वरचा भाग आणि शेवटी दारांचा खालचा भाग. खालच्या पट्ट्यात सगळ्यात जास्त खडे असतात, तिथला मोजा पुन्हा बॉनेटवर न्यायचा नाही. हात सरळ रेषेत, गाडीच्या लांबीने फिरवा. गोल फिरवू नका. दाबू तर अजिबात नका, मोज्याचं वजन पुरेसं आहे.

चाकं आधी धुऊन घ्या, वेगळ्या फडक्याने आणि वेगळ्या पाण्याने. ते फडकं परत कधीही पत्र्याला लावायचं नाही. गाठ मारून ठेवलीत की घरातला दुसरा कुणी चुकूनही वापरणार नाही.

एवढ्यात छोटी गाडी 40-45 लिटर पाण्यात स्वच्छ होते. याहूनही कमी पाणी असेल तर रिन्सलेस शाम्पू मिळतो: एका बादलीत थोडासा टाकायचा, भिजवलेल्या मायक्रोफायबरने पुसायचं, नंतर खळबळायची गरज नाही. हलक्या धुळीला तो उत्तम. चिखलाने माखलेल्या गाडीला मात्र आधी फवारा हवाच.

शेवटचं पाणी कोणतं, हे आपल्याकडे फार महत्त्वाचं. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी साठवून गाडी धुणारे पुष्कळ आहेत. हेतू चांगला आहे, पण त्या पाण्यात मूळ पाण्याहून जास्त क्षार असतात, कारण गाळून बाजूला काढलेले क्षार तिकडेच जातात. ते चाकांना वापरा, पायऱ्या धुवायला वापरा, रंगाला नको. याउलट एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी जवळजवळ क्षारविरहित असतं. ते कॅनमध्ये साठवा आणि शेवटचा फवारा त्याचा द्या. मेमधल्या कोरड्या हवेत एसी फार पाणी देत नाही. पावसाळ्यात मात्र बादली भरते. गच्चीवरून साठवलेलं पावसाचं पाणीही चालतं, पहिल्या एक-दोन पावसांचं सोडून. शंका असेल तर आरओ दुरुस्त करणाऱ्याकडे टीडीएस मीटर असतं, ते पाण्यात विरघळलेले क्षार मोजतं. आकडा 50 च्या खाली आला तर त्या पाण्याचे डाग जवळपास पडत नाहीत.

पुसायचं कशाने?

सोलापूरकरांना हा प्रश्न विचारायचा म्हणजे थोडं नाजूकच. आपल्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे आणि घरोघरी जुने टॉवेल पडलेले असतात. मला त्यांचा अभिमान आहे, तरी रंगावर मी मायक्रोफायबरच वापरायला सांगेन. टेरीचे सुती फासे पाणी छान ओढतात, पण वापरून वापरून ते कडक होतात आणि जड पाण्यात धुतल्यावर त्यांच्यात क्षार बसतात. शिवाय टॉवेलची शिवलेली किनार जाड असते, ती ओरखडते. काचा, दारांच्या फटी, इंजिनाची खोळ, चाकं, आतली पायपुसणी यांना टेरीइतकं चांगलं काही नाही, तिथे तो खुशाल वापरा.

रंगासाठी जाड, मऊ, मोठा मायक्रोफायबर घ्या. तो पॅनेलवर पसरायचा, वरून हलकेच थोपटायचा आणि उचलायचा. घासायचं नाही. फटींतलं पाणी पाच मिनिटांनी पुन्हा ओघळतं, तेवढं टिपून घ्या. हे टॉवेल इतर कपड्यांबरोबर धुऊ नका आणि फॅब्रिक कंडिशनर टाकू नका, त्याने तंतूंवर थर चढतो आणि ते पाणी टिपत नाहीत. टॉवेल जमिनीवर पडला तर त्या दिवशी रंगासाठी तो बाद.

डाग: जितके ताजे तितके सोपे

क्षारांचे पांढरे ठिपके पडले असतील तर पांढरं व्हिनेगर आणि चांगलं पाणी निम्मं निम्मं करा. सावलीत, थंड पत्र्यावर, भिजवलेलं कापड डागावर मिनिटभर ठेवा आणि लगेच भरपूर पाण्याने धुवा. एकदा-दोनदा करून जातील ते डाग गेले. जे राहिले ते रंगात उतरलेत, त्यांना पॉलिश लागेल. संडास साफ करायचं ॲसिड पातळ करून लावण्याचा सल्ला काही जण देतात. तो ऐकू नका. रंग, क्रोम, रबर आणि हाताची कातडी, सगळ्यांचंच नुकसान होतं.

कावळ्या-कबुतरांची विष्ठा हा सगळ्यात तातडीचा मामला. तिच्यात युरिक ॲसिड असतं. दुपारी तापलेला क्लिअर कोट किंचित फुगून मऊ झालेला असतो. रात्री थंड होऊन आकसतो आणि सुकलेल्या विष्ठेच्या आकाराचा ठसा धरतो. मग साफ केल्यावरही तिथे भेगाळलेला, निस्तेज चट्टा उरतो. उन्हाळ्यात एका दिवसात हे होतं. दिसली की ओला रुमाल किंवा टिश्यू वर ठेवा, पाच-दहा मिनिटं भिजू द्या, मग एका बाजूने चिमटीत धरून उचला. नखाने खरवडू नका, कोरडं पुसू नका. तिच्यात वाळूचे कण आणि बिया असतात. गाडीत पाण्याची छोटी फवारणी बाटली आणि दोन मायक्रोफायबर कायम ठेवा.

सावलीसाठी कडुलिंबाखाली गाडी लावणं बरोबरच आहे, ऊन नक्कीच जास्त वाईट. फक्त मोहोराच्या दिवसांत फुलं आणि चिकट थेंब रोज संध्याकाळी धुऊन काढा. आणि गाडीवर कव्हर घालत असाल तर गाडी धुतलेली हवी. धुळीच्या गाडीवर घातलेलं कव्हर वाऱ्याने हलतं आणि पॉलिश पेपरचं काम करतं. उघड्यावर, वावटळीच्या दिवसांत कव्हर नसलेलं बरं.

हायवेवर नव्या डांबराचे काळे थेंब उडाले असतील तर टार रिमूव्हर घ्या. नसेल तर कापडाला थोडं रॉकेल लावून डाग मऊ करा, टिपा आणि लगेच शाम्पूने धुवा. अख्खी गाडी रॉकेल किंवा डिझेलच्या बोळ्याने पुसून चकाकवण्याची जुनी पद्धत मात्र सोडून द्या. तो तेलकट थर संध्याकाळपर्यंत सगळा फुफाटा ओढून घेतो.

रुतलेले कण काढणं

पिशवीच्या तपासणीत खरबरीत लागलं असेल, तरच हे काम करायचं. लोखंडी कणांसाठी आयर्न रिमूव्हर नावाचा द्रव मिळतो. ओल्या, थंड पत्र्यावर फवारला की कणांजवळ जांभळे ओघळ येतात आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो. हातमोजे घाला, सुकू देऊ नका, धुऊन टाका.

त्यानंतर क्ले बार. हा मातीसारखा मऊ गोळा असतो. तळहाताएवढी चकती करा, शाम्पूच्या पाण्याने पत्रा आणि गोळा दोन्ही ओलेचिंब ठेवा आणि हलक्या हाताने सरळ फिरवा. सुरुवातीला खर्र असा आवाज येतो, मग गोळा तेलावरून घसरल्यासारखा फिरू लागतो. तो भाग झाला. गोळा मळून स्वच्छ बाजू वर आणत राहा. खाली पडला तर फेकून द्या. कितीही महाग असला तरी त्यात आता वाळू आहे. क्लेने थोडे ओरखडे पडू शकतात, म्हणून हे वर्षातून एकदा, शक्यतो पॉलिशच्या आधी.

पॉलिश: सर्वांत कमी वेळा, सर्वांत जास्त काळजीने

दुकानात "पॉलिश" म्हणून तीन वेगळ्या वस्तू मिळतात. रबिंग कंपाऊंड जाड कणांचं, जोरात कापतं. फिनिशिंग पॉलिश बारीक कणांचं, रेघा मऊ करून चमक आणतं. वॅक्स किंवा सीलंट काहीच कापत नाही, वर संरक्षक थर देतं. बाटलीवर नीट वाचा. नवख्याने कंपाऊंडपासून सुरुवात करू नये. बारीक पॉलिशने काम होत असेल तर तिथेच थांबायचं.

कुठे पॉलिश करायचंच नाही, तेही सांगतो. नवी गाडी: धुवा आणि वॅक्स लावा, बस. मॅट रंगाची गाडी: कधीच नाही, घासलं की तिथे चकचकीत चट्टा पडतो आणि तो जात नाही. नुकतंच डेंटिंग-पेंटिंग झालेलं पॅनेल: रंगातलं थिनर उडून तो पूर्ण वाळायला वेळ लागतो, म्हणून पेंटरला विचारून निदान 30 दिवस वॅक्ससुद्धा लावू नका.

जागा बंद किंवा आडोशाची हवी, वारा नको. आपल्याकडे या कामाला डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी सगळ्यात चांगल्या. काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, रबर आणि बोधचिन्हं यांना मास्किंग टेप लावा, नाहीतर पॉलिश सुकून त्यांच्यात पांढरं बसतं आणि निघता निघत नाही. दारांच्या आणि बॉनेटच्या धारदार कडांनाही टेप लावा. कडेवर रंग सगळ्यात पातळ असतो आणि तिथूनच तो सर्वांत आधी उडतो.

आधी दाराच्या खालच्या कोपऱ्यात वीतभर जागेवर करून बघा. हाताने करत असाल तर फोमचा पॅड घ्या, त्यावर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब, आणि दीड-दोन फुटांचा चौकोन धरा. आधी आडवे, मग उभे हात, मध्यम दाबाने, पॉलिश जवळजवळ पारदर्शक होईपर्यंत. सुकायच्या आत स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा. बॅटरी धरा आणि शेजारच्या भागाशी ताडून बघा. रेघा निम्म्या कमी झाल्या तरी पुष्कळ झालं. रोज वापरायच्या गाडीवर शंभर टक्के रेघा काढण्याच्या नादात क्लिअर कोट खर्च करू नये, असं मला मनापासून वाटतं.

यंत्र वापरायचं असेल तर ड्युअल ॲक्शन पॉलिशर घ्या. गॅरेजमध्ये दिसतं ते रोटरी यंत्र एकाच अक्षावर फिरतं, एका जागी थांबलं की काही क्षणांत रंग तापवून जाळतं. ते सरावलेल्या हातांचं काम. ड्युअल ॲक्शन फिरता फिरता डुलतं, त्यामुळे उष्णता पसरते. पॅड पत्र्याला टेकवूनच चालू करा, नाहीतर भिंतभर शिंतोडे उडतील. हात सावकाश, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढलेला. आडव्या-उभ्या मिळून चार ते सहा फेऱ्या पुरतात. मधूनमधून पत्र्याला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये. कोरड्या हवेत पॉलिश लवकर सुकतं, पॅडवर पाण्याचा एक बारीक फवारा मारला की ते पुन्हा चालतं. दर चौकोनानंतर पॅड ब्रशने झटका.

शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल बरंच पातळ करून, म्हणजे पाण्याच्या 10 ते 15 टक्के, एकदा पुसून घ्या. पॉलिशमधली तेलं रेघा तात्पुरत्या भरून काढतात. ती तेलं गेली की खरं काम दिसतं आणि पुढचा थर घट्ट बसतो.

वर काय लावायचं?

कारनौबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांपासून मिळतं. चमक ऊबदार, लावायला सोपं. त्याचा वितळणबिंदू 82 ते 86 अंश आहे, आणि आपल्या मेमधल्या काळ्या बॉनेटचं तापमान त्याच्या बरंच जवळ जातं. त्यामुळे थंडीत दोन महिने टिकणारं वॅक्स उन्हाळ्यात महिनाभरातच विरतं. सिंथेटिक सीलंट चार ते सहा महिने निघतं. सोलापूरसाठी माझी निवड तीच: फेब्रुवारीअखेर एकदा, ऊन तापायच्या आधी, आणि दसऱ्याच्या आधी दुसऱ्यांदा. पातळ थर लावा. जाड लावल्याने जास्त टिकत नाही, पुसायला मात्र दुप्पट त्रास होतो. धुतल्यानंतर मारायचे सिलिकायुक्त स्प्रेही नवख्यांसाठी चांगले आहेत.

खरं सिरॅमिक कोटिंग वर्षभर आणि त्याहून जास्त चालतं, पण त्याआधीची तयारी चोख हवी. थर पुसायला उशीर झाला की काच बसावी तसा चट्टा बसतो आणि तो पॉलिश करूनच काढावा लागतो. पहिल्याच प्रयत्नात ते घरी करू नका. जाहिरातीतलं "9एच" हे पेन्सिलीच्या कठीणपणाचं माप आहे. त्याचा अर्थ ओरखडे पडत नाहीत असा होत नाही. गाडी घेताना गळ्यात मारलं जाणारं "टेफ्लॉन कोटिंग" घेण्याआधीही विचार करा. टेफ्लॉन 327 अंशांना वितळतं आणि तव्यावर ते भट्टीत भाजून बसवतात. गाडीवर तसं काही होत नाही. तुम्हाला मिळतं ते बहुधा एक साधं सीलंट, जे तुम्ही स्वतः रविवारी सकाळी लावू शकता.

एक स्थानिक अडचण: वॅक्स केलेल्या गाडीवर पाण्याचे टपोरे मोती उभे राहतात. छान दिसतात, पण जड पाण्याचे असले तर प्रत्येक मोती सुकून एक पांढरी कडी सोडतो. वॅक्स केलेली गाडी धुतली की उलट जास्त तत्परतेने टिपा.

दसरा आणि रंगपंचमी

वाहनपूजा मनोभावे करा, फक्त आदल्या दिवशी वॅक्स लावून ठेवा. ओल्या हळदी-कुंकवाचं स्वस्तिक पांढऱ्या बॉनेटवर रात्रभर राहिलं की त्याचा डाग बॉनेटवर बसतो. हळदीचा पिवळा डाग उन्हाने पुढे फिकट होतो, कुंकवातला कृत्रिम लाल मात्र हट्टी असतो. स्वस्तिक काचेवर काढलं तरी पूजा तितकीच होते. रंगावरच काढायचं असेल तर त्याच संध्याकाळी भरपूर पाण्याने धुवा. झेंडूची माळ तारेने न बांधता सुती दोऱ्याने बांधा. तार वाऱ्याने हलून ग्रिलच्या कडेला घासते. रंगपंचमीलाही हाच क्रम: आधी वॅक्स, खेळून झालं की लगेच पाणी.

दुचाकीवाल्यांसाठी

गाडी आधी पूर्ण गार होऊ द्या. टाकीवरचं रेक्झिनचं कव्हर रंग वाचवतं असं वाटतं, पण त्याखाली धूळ शिरते आणि बसल्या-उठल्याबरोबर घासली जाते. काढून बघा, खाली निस्तेज पट्टे दिसतील. टाकीवर पारदर्शक फिल्मचे तुकडे लावणं बरं. पट्ट्याचं बक्कल आणि हँडलच्या किल्लीला लटकणारा जुडगा, या दोन गोष्टी सर्वांत जास्त ओरखडे देतात. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्यापासून बेअरिंग, वायरिंग आणि स्टिकर लांब ठेवायला सांगा. मॅट टाकीला वॅक्स किंवा चमक आणणारं कुठलंही द्रव नको, मॅटसाठी वेगळं क्लीनर मिळतं.

खड्यांचे टिपके, आणि कारागिराकडे कधी जायचं

पुणे किंवा हैदराबाद रस्त्यावर, आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे, खडे उडून बॉनेटवर टिपके पडतात. पत्रा दिसत असेल तर टच-अप घ्या. रंगाचा कोड दाराच्या खांबावरच्या किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. टिपका स्वच्छ करून काडीपेटीच्या काडीच्या टोकाने थेंब टेकवा, सुकू द्या, दुसरा थेंब. ब्रशने फासलं की ठिगळ दिसतं.

नख अडकणारे ओरखडे, सुटलेला लॅकर, सिरॅमिक आणि संरक्षक फिल्म ही कामं कारागिराची. जाल तेव्हा त्याच्याकडे रंगाची जाडी मोजायचं मीटर आहे का, ते विचारा, आणि काम सुरू व्हायच्या आधी टप, बॉनेट व चारही दारांचे आकडे तुमच्यासमोर मोजून लिहून घ्या. एखाद्या पॅनेलचा आकडा बाकीच्यांपेक्षा दुप्पट आला तर ते आधी कधीतरी पुन्हा रंगवलेलं आहे. बराच कमी आला तर तिथे यंत्र लावूच नका म्हणून सांगा. काम झाल्यावर तेच आकडे पुन्हा घ्या आणि गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. पुढच्या वेळी कुणी रबिंगचा आग्रह धरला तर तो कागद दाखवता येतो.